दगडी जडावकाम सुरू करताना: ग्राइंडर, फिरती चकती आणि कोन साधायची हत्यारं

आमच्या उंबरठ्याला कडप्प्याची काळी पट्टी आहे आणि तिच्या मधोमध पांढऱ्या संगमरवराचं आठ पाकळ्यांचं फूल जडवलंय. माझं पुरं झालेलं ते पहिलं काम. सात पाकळ्यांच्या कडेवरून नख फिरवलं तर कुठे अडत नाही. एका पाकळीपाशी अडतं. ती पाकळी मी सगळ्यात आधी, हातात धरलेल्या अँगल ग्राइंडरवर घासली होती. उरलेल्या सात नंतर संथ फिरणाऱ्या चकतीवर, पाणी सोडून घासल्या. कुठलं यंत्र घेऊ, असं विचारायला कुणी आलं की मी त्याला आधी खाली बसवून त्या उंबरठ्यावरून नख फिरवायला लावतो.

दुकानात गेल्यावर तुम्हाला वॅट सांगितले जातील, आरपीएम (मिनिटाला फेरे) सांगितले जातील. जडावाला त्याची गरज फार थोडी आहे. इथे लागतो तो कमी वेग, न डगमगणारी चकती आणि सतत पाणी. जास्त ताकदीचं यंत्र दगड लवकर खातं, पण कडेचा टवकाही तितक्याच लवकर उडवतं. उडालेला टवका परत चिकटत नाही, मग सगळा तुकडा लहान करावा लागतो, आणि तुकडा लहान झाला की तो कोंदणात, म्हणजे त्याच्यासाठी कोरलेल्या खळग्यात, सैल बसतो.

सोलापुरात एक सोय मोठी आहे. ग्रॅनाइटचे ओटे बसवणारे मिस्त्री आहेत, सराफ बाजारात सोनार आहेत आणि यंत्रमागाचे सुटे भाग करणारे लेथवाले आहेत. दगडातल्या जडावाला या तिघांच्याही हत्यारांतलं थोडं थोडं लागतं: मिस्त्रीचा कटर, सोनाराची टांगती मोटार आणि लेथवाल्यानं काढून दिलेली खरी, म्हणजे न लहरणारी, चकती. म्हणून सगळं बाहेरून मागवायच्या फंदात पडू नका. आधी या तिघांकडे जाऊन त्यांचे हात बघा.

आधी दगड ठरवा

कोणता दगड कशात बसवणार, हे ठरल्याशिवाय यंत्र ठरत नाही. दगडाची कठीणता मोह्सच्या १ ते १० या मापावर मोजतात. संगमरवर, शहाबादी आणि कडप्पा हे तिघं चुनखडीच्या कुळातले, साधारण ३ ते ४ वर. घरातल्या सुरीच्या टोकानं त्यांच्यावर ओरखडा उठतो. लाजवर्द ५ ते ५.५. अकीक, जास्पर, गारगोटी ६.५ ते ७. यांच्यावर सुरी घसरते आणि ओरखड्याऐवजी सुरीच्याच लोखंडाची करडी रेघ उमटते. ती रेघ बोटानं पुसली जाते. दगड ओळखायला ही एवढी परीक्षा पुरते.

आग्र्याला इतिमाद-उद-दौलाच्या मकबऱ्यात (१६२२ ते १६२८) आणि पुढे ताजमहालात जी पच्चीकारी आहे, तिच्यात मऊ संगमरवरात अकीक आणि लाजवर्दासारखे कठीण दगड बसवलेत. ते बघून नवा माणूस तेच करायला जातो. तिथले कारागीर कुरुंदाच्या चाकावर एकेक पाकळी घासून आधीच बेतशीर मापाची करतात, मग बसवतात. आपण नवशिके मात्र तुकडे बसवून झाल्यावर वरून सगळं एकदम सपाट करायला बघतो आणि तिथेच फसतो. चकतीखाली ३ चा संगमरवर भराभर झिजतो, ७ चा अकीक जागचा हलत नाही. थोड्या वेळानं बोट फिरवलं की अकीक टेंगळासारखा वर आलेला लागतो आणि त्याच्या भोवती खळगा पडलेला असतो.

म्हणून पहिली पाच-सहा कामं सारख्या कठीणतेच्या दगडांत करा. काळ्या कडप्प्यात पांढरा संगमरवर, किंवा शहाबादीत दोन्ही. शहाबाद हे गाव सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवर कलबुर्गीच्या पुढे आहे, त्यामुळे आपल्या भागात ही फरशी जिथे तिथे दिसते. जुनं घर पाडलं की ढिगानं निघते. पायांनी शंभरदा घासलेली जुनी शहाबादी नव्यापेक्षा मला जास्त आवडते, तिच्यात पुढे फुटणारा पापुद्रा आधीच गळून गेलेला असतो. संगमरवराचे आणि कडप्प्याचे तुकडे ओटे करणाऱ्यांच्या गोडाउनमागे पडलेले असतात. मागितले तर देतात.

तिथेच एक धोका आहे. त्या ढिगात रंगीत, एकसारखे, चकचकीत तुकडे दिसतील. ते कृत्रिम क्वार्ट्झचे असतात, स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी बनवलेले. जडावाला रंग छान मिळतील असं वाटतं, पण त्यांच्यात सिलिकाचं प्रमाण बहुधा ९० टक्क्यांच्या वर असतं. त्यांच्या धुळीनं फुप्फुसं कायमची निकामी झालेल्या कामगारांमुळे ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून या दगडाची निर्मिती, विक्री आणि वापर बंद केला. घरच्या गच्चीवर हे तुकडे कापू नका, पाणी सोडूनसुद्धा नाही.

कापायला: मार्बल कटर आणि अँगल ग्राइंडर

ही दोन यंत्रं एकच समजून घेतली जातात. मार्बल कटरला खाली लोखंडी तळ असतो, तो फरशीवर टेकवून पुढे ढकलायचा. कापायची खोली लावता येते, बहुतेकांत तळ कलवून ४५ अंशापर्यंत तिरकंही कापता येतं. अँगल ग्राइंडर पूर्ण हातावर असतो. फरशीच्या पट्ट्या पाडायला कटर घ्या, नक्षीबाहेरचा नको असलेला दगड उडवायला ग्राइंडर.

ग्राइंडर चार इंचीच घ्या. ७०० ते ८५० वॅट भरपूर झाले. सात इंची यंत्र मी एकदा 'पुढेमागे कामाला येईल' म्हणून विकत घेतलं होतं. दोन हातांनी धरूनही ते मनगटाला झटका देतं आणि दहा सेंटिमीटरच्या पाकळीपुढे त्याचा काही उपयोग नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे चकतीची कड सेकंदाला ५५ मीटरहून जास्त धावते. या वेगाला बारीक कड साधत नाही हे एकदा मान्य केलं की या यंत्राकडून चुकीची अपेक्षा राहत नाही. रेघेपासून दोन मिलिमीटर लांब थांबायचं. उरलेले दोन मिलिमीटर संथ चकतीवर काढायचे.

घेताना बटण बघा. दाबून धरल्यावरच चालणारं आणि पकड सुटली की बंद होणारं बटण असेल तर थोडे जास्त पैसे द्या. संरक्षक कव्हर काढून काम करणारे मिस्त्री तुम्हाला पावलोपावली दिसतील. त्यांचं बाकी सगळं शिका, हे शिकू नका.

ब्लेड हिऱ्याचं, आणि कड अखंड असलेलं. खाचा असलेलं ब्लेड काँक्रीट आणि ग्रॅनाइट भराभर कापतं, पण संगमरवराच्या कडेला उंदरानं कुरतडल्यासारखं करतं. ब्लेड काही दिवसांनी कापेनासं होतं, नुसतं तापतं. ते फेकू नका. हिऱ्याचे कण धातूत बुडालेले असतात, त्यांची तोंडं उघडावी लागतात. भाजलेल्या मऊ विटेत चार-पाच वेळा चालवा, पुन्हा कापायला लागतं. आजी जात्याला टाकी लावून घ्यायची, तोच प्रकार.

रेझिनच्या चकत्या घेतल्यात तर मधल्या पत्र्याच्या कड्यावर छापलेला महिना आणि वर्ष वाचा. तीन वर्षांपलीकडची चकती वापरायची नसते. चकतीवर लिहिलेले आरपीएम यंत्रावरच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवेत, आणि कापायच्या चकतीच्या बाजूनं कधीही घासायचं नाही. ती बाजूच्या दाबासाठी केलेलीच नसते, फुटते.

बेंच ग्राइंडर: घ्यायचाच असेल तर

बेंच ग्राइंडर सहा इंची, अर्ध्या अश्वशक्तीचा, मिनिटाला २,८०० च्या आसपास फेऱ्यांचा मिळतो. त्यावर येणारं करडं चाक लोखंडासाठी असतं. दगडाला सिलिकॉन कार्बाइडचं हिरवं चाक वेगळं घ्यावं लागतं. पाकळीची बाहेरची गोलाई देण्यापुरता तो चांगला, सरळ कडेसाठी नाही, कारण चाक गोल आहे आणि त्याला टेकवलेली कड किंचित पोकळ होते.

नवं चाक बसवण्याआधी मधल्या भोकात बोट घालून ते टांगा आणि लाकडी मुठीनं हलकेच ठोका. धड चाक खणखणतं. भेगाळलेलं चाक माठाला तडा गेल्यावर वाजतो तसं बद्द वाजतं, ते परत करा.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. चाकाला पाणी मिळावं म्हणून मी त्याच्याखाली पाण्याची ताटली ठेवली आणि काम संपल्यावर ती तशीच राहिली. रात्रभर चाकाचा खालचा भाग पाण्यात. हे चाक सच्छिद्र असतं, त्यानं पाणी शोषलं. सकाळी यंत्र सुरू केलं तर टेबल थरथरायला लागलं, कारण चाक एका बाजूला जड झालं होतं. तसंच दाबून चालवलं असतं तर फुटून तोंडावर आलं असतं. काम झालं की पाणी आधी बंद करा आणि चाक दोन मिनिटं कोरडं फिरू द्या.

फिरती सहाण: पैसे इथे घाला

देव्हाऱ्यातली सहाण आठवा. सपाट दगड, थोडं पाणी, खोडाचं टोक आडवं टेकवून गोल गोल. जडावाचं मुख्य यंत्र म्हणजे तीच सहाण, फक्त ती फिरते आणि तुमचा हात स्थिर राहतो. दुकानदार त्याला फ्लॅट लॅप म्हणतात. सहा किंवा आठ इंचाची आडवी चकती, वर हिऱ्याची पातळ थाळी, थेंब थेंब पाणी, भोवती घाण अडवणारी परात. तुकड्याची कड सरळ, चौकोनी आणि बिनटवक्याची होते ती इथेच.

तयार मिळालं तर वेग कमी-जास्त करता येणारं घ्या. नाही मिळालं तर करून घेता येतं. मिनिटाला १,४४० फेऱ्यांची सिंगल फेज मोटार, तिच्यावर दोन इंची पुली, चकतीच्या दांड्यावर चार इंची पुली: वेग निम्मा, ७२०. आठ इंची चकतीची कड मग सेकंदाला साडेसात मीटर धावते. ग्राइंडरच्या ५५ शी ताडून बघा.

लूमची जुनी मोटार भंगारात स्वस्त मिळते म्हणून घ्यायचा मोह होईल. ती बहुधा थ्री फेज असते, घरच्या सिंगल फेज विजेवर थेट चालत नाही. वाइंडिंगवाल्याला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि सिंगल फेज मोटारीला पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करायला जाऊ नका. मोटार जोर सोडते आणि जळते. वेग पुलीनंच बदला.

चकती आणि दांडा मात्र लेथवाल्याकडूनच. त्याला सांगायचं: चकती दांड्यावर बसवून, जागच्या जागी तोंड मारून (वरची बाजू सपाट करून) दे. वेगळी काढून मग बसवलेली चकती थोडी तरी लहरतेच. तपासायला डायल गेज (बारीक फरक काट्यानं दाखवणारं माप) असेल तर लावा, ०.०५ मिलिमीटरच्या आत फरक असावा. नसेल तर असं करा: एका जड डब्याला पेन्सिल आडवी बांधा, टोक चकतीच्या कडेवर जेमतेम टेकेल असं ठेवा आणि चकती हातानं सावकाश फिरवा. पूर्ण गोल रेघ उमटली तर चकती खरी. एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला पुसट किंवा तुटक उमटली तर ती परत लेथवर. यासाठी भांडावं लागलं तर भांडा. मी एकदा संकोचानं 'चालेल' म्हणून लहरती चकती घरी आणली होती आणि महिनाभर कडांचे टवके का उडतात याचं कारण दगडात शोधत बसलो होतो.

यंत्र चालू असताना टेबलावर रुपयाचं नाणं कडेवर उभं करून बघा. उभं राहिलं तर थरथर हाताबाहेर नाही. पडलं तर पायाखाली रबर घाला, पट्टा आणि पुली एका रेषेत आहेत का बघा.

थाळ्यांवरचा आकडा जितका मोठा तितके कण बारीक. संगमरवर-कडप्प्याला १८० पासून सुरुवात करा, मग ६००, १,२०० आणि ३,०००. दुकानात ८० ची थाळी गळ्यात मारतात. ती अकीकासाठी ठीक. मऊ संगमरवरात ८० च्या कणांचे घाव इतके खोल जातात की वरून गुळगुळीत झालेल्या तुकड्यातही पांढरे ठिपके दिसत राहतात. सुरुवातीला चारही थाळ्या घ्यायची गरज नाही, १८० आणि ६०० वर जोड साधतो. बाकीच्या दोन घोटाईसाठी पुढच्या महिन्यात.

नवी थाळी पहिल्या दिवशी फार चावते. एखादा टाकाऊ तुकडा तिच्यावर दहा-पंधरा मिनिटं फिरवून वर आलेले कण बसवून घ्या. थाळी बदलताना हात, परात, तुकडा आणि नखं धुवा. १८० चा एक कण १,२०० च्या थाळीवर गेला तर सगळ्या कामावर रेघा ओढतो आणि तो शोधून सापडत नाही. प्रत्येक थाळीला स्वतंत्र पिशवी ठेवा.

घासताना तुकडा एका जागी धरू नका. चकतीची कड सर्वात वेगानं धावते, मध्याजवळ वेग जवळजवळ संपतो. जास्त काढायचं असेल तर कडेकडे, शेवटचा हलका हात मध्याकडे. आणि दाब फक्त बोटाच्या वजनाइतका. जोर लावला की तुकडा कलतो आणि कड गोल होते.

कोंदण कोरायला

सोनाराकडे असते तशी टांगती मोटार आणि लवचीक नळी, तिच्या टोकाला हिऱ्याचे छोटे बर, म्हणजे कोरायची फिरती टोकं. हातात मावणारं छोटं रोटरी यंत्रही चालतं, पण मोटार हातातच असल्यानं अर्ध्या तासात हात भरून येतो आणि पाणी मोटारीजवळ जातं. टांगतीत दोन्ही त्रास नाहीत. बरची दांडी ३ मिलिमीटरची की २.३५ ची, हे यंत्राच्या तोंडाशी जुळवून घ्या. पायाचा रेग्युलेटर असलेली घ्या. कोंदण ३ मिलिमीटर खोल पुरतं, तुकडा अर्धा मिलिमीटर वर राहील इतका जाड ठेवा. तेवढं नंतर सपाट करताना जातं.

कोन साधायची हत्यारं

यंत्रावर हजारो रुपये घालून लोक कंपासपेटीतल्या प्लॅस्टिकच्या कोनमापकावर काम करतात. त्याचा हिशोब एकदा मांडूनच दाखवतो.

आठ पाकळ्यांचं फूल, प्रत्येक पाकळीचं आतलं टोक ४५ अंश. आठ वेळा ४५ म्हणजे ३६०. आता प्रत्येक टोक फक्त अर्ध्या अंशानं कमी झालं. डोळ्याला ते दिसतही नाही. आठ अर्धे म्हणजे चार अंश. केंद्रापासून पाच सेंटिमीटरवर चार अंशांची फट साडेतीन मिलिमीटर होते. म्हणजे आठवी पाकळी बसवताना शेजारी तांदळाचा दाणा आडवा मावेल एवढी जागा उघडी.

यावर उपाय जास्त महागडा कोनमापक हा नाही. उपाय म्हणजे एकच ठोकळा. सागवानाचा किंवा जाड अॅक्रिलिकचा तुकडा ४५ अंशात कापून घ्या, तो चकतीच्या वर आडव्या पट्टीला घट्ट बसवा आणि आठही पाकळ्या त्याच ठोकळ्याला टेकवून घासा. चूक झाली तरी आठांना सारखी होते. मग चार पाकळ्या स्टीलच्या पट्टीला लावून मांडा. चार वेळा ४५ म्हणजे १८०, सरळ रेघ. पट्टीमागे मोबाइलची बॅटरी धरा. फट असेल तर उजेड डोळ्यात येतो. पट्टीच्या दोन्ही टोकांना उजेड दिसला की कोन कमी झाले, मधे दिसला की जास्त झाले. ४५ अंश डोळ्यानं तपासता येत नाहीत, सरळ रेघ मात्र येते. ठोकळ्याच्या एका बाजूला कागदाची घडी सरकवून तेवढी चूक भरून काढा आणि पुन्हा घासा. शेवटची पाकळी मोजून करायचीच नाही, उरलेल्या जागेत लावून लावून करायची.

गुण्या स्टीलचा घ्या, सहा इंची. दुकानातच तपासा: सरळ कडेच्या पुठ्ठ्यावर गुण्या टेकवून रेघ मारा, गुण्या उलटवा, त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारा. दोन रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढ्या फाकल्यात त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. सुतारांचा सरकता गुण्या जुन्या नक्षीचा कोन उचलायला लागतो. त्याचा पेच आवळल्यावर पातं हलत नाही ना, एवढं बघा. आकडे दाखवणारा डिजिटल कोनमापक सोयीचा आहे, पण पाण्यात-चिखलात फार टिकत नाही. ठोकळे बनवताना वापरा, चकतीजवळ आणू नका.

आता उलटा वाटेल असा एक कोन. तुकड्याच्या बाजू अगदी काटकोनात ठेवायच्या नसतात. वरून खाली जाताना एक-दोन अंश आत घ्यायच्या, म्हणजे तुकडा खालून किंचित निमुळता. वरच्या कडा मग एकमेकींना घट्ट भिडतात आणि खाली डिंकाला जागा मिळते. काटकोनी तुकड्यात डिंक दोन बाजूंमध्ये अडकतो आणि वर काळी-पिवळी रेघ दिसते. यासाठी चकतीसमोरची टेकण थोडी कलवता येणारी हवी. लेथवाल्याला आधीच सांगा, नंतर भोकं पाडून होत नाही.

पाणी आणि वीज

नळाला रोज पाणी नसलेल्या गावात पाण्यावर चालणारं काम करायचंय, तेव्हा हे आधी ठरवा. थेंब थेंब पाण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी सलाईनची नवी नळी घ्या. उंचावर पाच लिटरचा कॅन, नळीचं चाक फिरवलं की हवे तितके थेंब. दोन तासांच्या घासकामाला एक कॅन पुरतो. जाडसर घासताना तेच पाणी पुन्हा फिरवायचं असेल तर कूलरचा छोटा पंप बादलीत सोडा, उन्हाळ्यात तो कुठेही मिळतो. पण ६०० च्या पुढच्या थाळ्यांना फिरवलेलं पाणी कधीच नको, त्यात आधीचे जाड कण तरंगत असतात. बोअरचं जड पाणी असेल तर नळीचं तोंड महिन्याभरात क्षारानं भरतं. व्हिनेगरमध्ये बुडवून काढा, मात्र ते दगडावर सांडू देऊ नका. चुनखडीला आंबट चालत नाही, लिंबाच्या एका थेंबानंही चमक जाते.

पाणी आणि वीज एकत्र आहे, म्हणून या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्याच. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, 'आहे' या शब्दावर विसंबू नका. साधा अँगल ग्राइंडर पाण्यात चालवायचा नसतो, त्याच्या मोटारीला हवेसाठी उघडी भोकं असतात. तयार काम पाण्यानं सपाट करायला आणि घोटायला वेट पॉलिशर नावाचं वेगळं यंत्र मिळतं, वेग बहुधा १,००० ते ४,००० मध्ये. मोठी पट्टी असेल तरच घ्या. लहान कामाला काचेच्या तुकड्यावर गुंडाळलेला पाण्याचा पॉलिश पेपर आणि हात पुरतो. खाली कडक आधार हवा, स्पंजनं मऊ जागा खोल जातात.

धूळ

ओलं काम केलं तरी वाळलेला चिखल दुसऱ्या दिवशी धूळच होतो. अकीक आणि गारगोटी म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका, आणि सिलिकोसिसवर इलाज नाही. तोंडाला रुमाल किंवा उपरणं बांधून ही बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मास्कच हवा आणि तो नाकाशी घट्ट बसायला हवा. दाढी असेल तर कडेनं हवा शिरते. मॅलाकाइटचा हिरवा रंग कुणालाही भुरळ घालतो. त्यात तांबं असतं, त्याची धूळ विषारी, म्हणून तो पहिल्या वर्षात नकोच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पंखा लावायची तीव्र इच्छा होते. पंखा धूळ सगळ्या घरात नेतो. त्या दोन महिन्यांत मी पहाटे साडेपाच ते आठ काम करतो, गच्चीवर, घरच्यांच्या खिडक्या बंद असताना. चष्मा आणि कानाचे बोळे याबद्दल वेगळं काय सांगायचं. ग्राइंडर हातात घेण्याआधी ते अंगावर असले पाहिजेत. सैल बाही, गळ्यातला गोफ, ओढणी, मोकळे केस हे सगळं बाहेर.

काय आधी घ्यायचं

माझा क्रम असा. पहिल्या महिन्यात गुण्या, स्टीलची पट्टी, मास्क, चष्मा आणि आरसीसीबी. कापायचं काम मिस्त्रीकडून पट्ट्या पाडून घेऊन भागवा. दुसरं, फिरती सहाण, १८० आणि ६०० च्या थाळ्या. तिसरं, टांगती मोटार आणि पाच-सहा बर. चार इंची ग्राइंडर त्यानंतर, आणि मार्बल कटर सर्वात शेवटी. बहुतेक लोक बरोबर उलट्या क्रमानं जातात, कारण ग्राइंडर समोरच्या दुकानात टांगलेला असतो आणि सहाण कुणाकडून तरी करून घ्यावी लागते.

जुनं यंत्र घेत असाल तर विजेविना दांडा हातानं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलंय. बेअरिंग बदलता येतं, तेवढे पैसे किमतीतून कमी करायला लावा. मग चालू करून पाच मिनिटं नुसतं फिरू द्या आणि बंद करून मोटारीवर तळहात ठेवा. पाच मिनिटांच्या रिकाम्या फिरण्यानं हात ठेववत नाही इतकं तापलं तर ते सोडून द्या, कितीही स्वस्त असलं तरी.

काम संपल्यावर

परातीतला चिखल मोरीत ओतू नका. दगडाचं पीठ पाइपात बसतं, आणि वाकणाच्या जागी बसलं की मग पाइप कापावाच लागतो. सगळं घाण पाणी एका बादलीत ओता आणि रात्रभर हलवू नका. सकाळी वर नितळ पाणी आणि तळाला करड्या दह्यासारखा गाळ बसलेला असतो. वरचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या १८० च्या थाळीला चालतं. गाळ ओला असतानाच जाड पिशवीत भरून तोंड बांधा. टेबल आणि जमीन ओल्या फडक्यानं पुसा, झाडू लावू नका. थाळ्या धुऊन, पुसून, ज्याच्या त्याच्या पिशवीत. पट्टा सैल करा. दांड्यावर तेलाचा एक थेंब. प्लग काढा.